मोटारींतील तबकड्यांची बैठक



आज ज्या वस्तूविषयीं मला बोलावयाचें आहे, ती इतकी क्षुद्र आहे कीं तिला मराठींत स्वतःचें नांवहि लाभलेलें नाहीं. मोटार हांकणाराच्या समोर जी फळी असते तिला आपण डॅशबोर्ड म्हणतों. त्या फळीच्या आश्रयानें एकदोन जास्त तबकड्या बसवावयाच्या असल्या, म्हणजे त्यांना धरून ठेवणारा एक पत्र्याचा तुकडा लागतो. कारखान्यांतील मंडळी त्याला ‘ब्रॅकेट’ म्हणून मोकळी होतात. मीं आपला ‘बैठक’ हा घरगुती शब्द योजिला आहे. वीतभर पत्रा, दोन मोठीं भोकें आणि दोन दुमडी, एवढाच काय तो तिचा संसार. परंतु छत्तीस वर्षें शाळेंत चित्रकला व भूमिति शिकविलेल्या माझ्यासारख्या माणसाला या वीतभर पत्र्यानें दोनदां तोंडघशीं पाडलें. ती हकीकत सांगतां सांगतां बैठक कशी करावी हेंहि सांगून होईल.

डॅशबोर्ड हा शब्द मोटारीपेक्षां जुना आहे. घोड्याच्या टापांनीं उडालेला चिखल गाडींत बसणाराच्या अंगावर येऊं नये म्हणून पुढें जी आडवी फळी मारीत, तिचें हें नांव. घोडा गेला, चिखल राहिला, आणि फळीवर घड्याळें येऊन बसलीं.

आमच्या घरीं माझ्या कैलासवासी वडील बंधूंची एक जुनी मोटार आहे. तिचें घराणें कोणतें तें सांगत नाहीं. वृद्धांचीं दुखणीं चारचौघांत बोलूं नयेत. उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसडर २०१४ सालीं बंद झाली, मुंबईच्या टॅक्सींतून शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरांत निघाली. तरी हौसेनें, मायेनें किंवा दुसरी घेण्याची ऐपत नाहीं म्हणून जुन्या गाड्या सांभाळणारीं घरें अजून पुष्कळ आहेत, आणि आमचें त्यांपैकीं एक. एका मे महिन्यांत मी, माझा पुतण्या व घरचीं मंडळी रत्नागिरीहून कोल्हापुरास परतत होतों. साखरपें मागें पडून आंबा घाटाची चढण लागली. दुपारची वेळ, गाडींत पांच माणसें आणि वर आंब्यांच्या पेट्या. अर्ध्या घाटांत समोरच्या फळीवरील तेलाचा तांबडा दिवा लागला. पुतण्या म्हणाला, “काका, पुढच्या वळणावर सावली आहे, तिथंच थांबवतो.” तें वळण येण्यापूर्वींच एंजिनांतून खणखण आवाज येऊं लागला. पुढें एंजिन उघडल्यावर मिस्त्रीनें बेअरिंगचे सोललेले तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. दुरुस्तीस किती पैसे पडले हें मीं घरांत अजून पुरतें सांगितलेलें नाहीं, तेव्हां तें नभोवाणीवरून सांगणें बरें नव्हे.

दिव्यानें त्याचें काम चोख केलें होतें. एंजिनांतील फिरणारा दांडा आणि त्याला धरणारीं बेअरिंगें यांच्यामध्यें दाबानें सोडलेल्या तेलाचा एक पातळ थर असतो. धातूला धातु लागूं न देणें हें त्या थराचें काम. तेल फार तापलें कीं पातळ होतें, बेअरिंगें झिजलेलीं असलीं तर तें फटींतून लौकर निसटतें, आणि दाब उतरतो. निरोगी एंजिन तापून रस्त्यावर धांवत असतां हा दाब चौरस इंचास चाळीस पौंडांच्या आसपास असावा. मिनिटाच्या दर हजार फेऱ्यांस दहा पौंड, असा जुन्या मिस्त्रींचा ढोबळ अदमास आहे. तांबडा दिवा मात्र साधारणपणें दाब पांचसहा पौंडांवर आला म्हणजे लागतो. चाळिसाचे तीस झाले, तिसाचे वीस झाले, विसाचे दहा झाले, तरी तो गप्पच. आमच्या घाटांतील अपघाताची पूर्वसूचना अर्धा तास तरी अगोदर मिळत असली पाहिजे. ती वाचावयास गाडींत तबकडी नव्हती, इतकेंच.

म्हणून दोन तबकड्या आणल्या, एक तेलाच्या दाबाची व दुसरी पाण्याच्या उष्णतेची. तेलाची तबकडी विजेवर चालणारी नव्हे. पॅरिसच्या यूजेन बूर्दों यानें १८४९ सालीं जी युक्ति स्वतःच्या नांवावर नोंदविली, तीच तिच्यांत आहे: चपटी करून आंकड्यासारखी वांकविलेली एक नळी, आंत दाब वाढला कीं ती सरळ होऊं पाहते आणि तिचें मोकळें टोंक कांट्याला ढकलतें. घरांत मुलांची कागदी पिपाणी फुंकली म्हणजे ती जशी उलगडते, तसाच हा प्रकार. पाण्याच्या तबकडीला केंसासारख्या बारीक छिद्राची एक लांब तांब्याची नळी जन्मतःच जोडलेली असते व तिच्या टोंकाच्या बोंडांत लौकर वाफ होणारा द्रव कोंडलेला असतो. ही नळी कापून आंखूड करतां येत नाहीं. कापली कीं तबकडी मेली. बैठकीची जागा ठरवितांना ही गोष्ट आधीं ध्यानांत घ्यावी.

आतां बैठक. पुतण्यानें पहिल्याच दिवशीं एक अट घातली: “काका, फळीला नवीन भोक पाडायचं नाही.” बंधूंनीं त्या फळीवर उभ्या हयातींत ओरखडा येऊं दिला नव्हता. मीं कंदील घेऊन फळीच्या खालून पाहिलें, तों तिच्या आंत दुमडलेल्या कडेंत दोन जुनीं भोकें सांपडलीं. फार वर्षांपूर्वीं बंधूंनीं गाडींत रेडिओ टांगला होता, त्याचीं तीं. रेडिओ कधींच नाहींसा झाला होता. त्याच दोन भोकांवर आमची बैठक टांगावयाची ठरली.

तबकडी कोणत्या दिशेला तोंड करून बसावी हा प्रश्न बहुतेक लोक विचारीतच नाहींत. ती उभी सरळ बसविली, तर बसणाराला ती तिरकस दिसते. कांचेवर उजेड चमकतो, आणि कांटा व अंक यांच्यामध्यें अंतर असल्यामुळें वाचन चुकतें. नियम सोपा आहे: डोळ्यापासून तबकडीच्या मध्यापर्यंत जी रेषा जाते, तिला तबकडी लंब असावी. मीं पुतण्याला हांकणाराच्या जागीं नीट बसविलें, त्याच्या डोळ्याच्या कोंपऱ्याशीं दोऱ्याचें एक टोंक धरिलें आणि दुसरें फळीच्या खालीं नियोजित जागीं चिकटविलें. जागा डोळ्यापेक्षां ४० सेंटिमीटर खालीं, ७० सेंटिमीटर पुढें व २० सेंटिमीटर डावीकडे भरली. यावरून तबकडी मागें ३० अंश कलती आणि हांकणाराकडे १६ अंश वळलेली हवी. शाळेंत मुलें विचारीत, “सर, ह्या त्रिकोणमितीचा उपयोग काय?” त्यावेळीं मी मनोऱ्याची उंची सांगून सुटत असें.

यानंतर पुठ्ठा. वह्यांच्या पाठीचा जाड पुठ्ठा घेऊन पुरी बैठक आधीं त्याची करावी, जागेवर दोऱ्यानें बांधावी आणि दोन दिवस गाडी तशीच वापरावी. आमची पहिली पुठ्ठ्याची बैठक गिअर बदलतांना हाताला लागली. दुसरी गुडघ्याला लागली. तिसरी ठीक बसली. पुठ्ठ्याला पैसे पडत नाहींत, म्हणून या पायरीचा लोकांना कंटाळा येतो.

आमच्या तबकड्यांचें अंग ५२ मिलिमीटर व्यासाचें. हें माप जगभर रूढ आहे. समोरचें कडें थोडें मोठें, ५७ मिलिमीटरांचें. दोन तबकड्यांच्या मध्यांतील अंतर ६२ मिलिमीटर धरलें, म्हणजे कडीं एकमेकांस घासत नाहींत. त्यावरून दर्शनी पत्रा १३० मिलिमीटर रुंद व ७० उंच ठरला. त्याच्या वरच्या कडेपासून मागें जाणारी ४० मिलिमीटरांची पट्टी फळीखालीं कसावयास, आणि खालच्या कडेची १२ मिलिमीटरांची दुमड मजबुतीस. शिवाय दोन बाजूंस दोन गालपट्ट्या. हांकणाराकडे वळण्याचे १६ अंश साधावयास वरच्या पट्टींतील दोन भोकांची रेघ दर्शनी पत्र्याशीं समांतर न आंखतां तेवढी तिरपी आंखली.

पत्रा घेतांना एक गंमत होते. तबकडीलाहि ‘गेज’ म्हणतात आणि पत्र्याच्या जाडीलाहि ‘गेज’च म्हणतात, आणि जाडीच्या गेजाचा आंकडा वाढला कीं पत्रा पातळ होतो. १६ गेजाचा सुमारें १.६ मिलिमीटर, १८ चा १.२, आणि २० चा ०.९. आम्हीं १८ गेजाचा साधा लोखंडी पत्रा घेतला. अ‍ॅल्युमिनियम हलकें व कापावयास सोपें, परंतु त्याचे सर्व प्रकार सारखे वांकत नाहींत; ५०५२ या जातीचें निमूटपणें दुमडतें, ६०६१ या जातीचें पक्कें केलेलें असेल तर तंग दुमडीवर तडकतें. दुकानांतील तुकड्यावर जात लिहिलेली नसते. लोखंडाची जात मात्र पुष्कळ क्षमाशील.

भोकें पत्रा सपाट असतांनाच पाडावींत. कारखान्यांत ५२ मिलिमीटरची गोल करवत ड्रिलला लावली कीं दोन मिनिटांत काम होतें. माझ्याकडे ती नव्हती. होतें चार मिलिमीटरचें ड्रिल, अर्धगोल कानस आणि निवृत्त माणसाचा वेळ. भोकाची त्रिज्या २६. त्यांतून कानशीसाठीं अर्धा मिलिमीटर व ड्रिलची निम्मी जाडी दोन मिलिमीटर वजा केली, म्हणजे २३.५ त्रिज्येचें वर्तुळ राहिलें. तें वर्तुळ एकमेकांस लंब अशा दोन व्यासांनीं चौघांत वांटलें, आणि कंपासनें कोन दुभागत दुभागत आठ, सोळा, बत्तीस भाग केले. बत्तीस ठिकाणीं पंचाचा ठोका देऊन बत्तीस भोकें पाडलीं. दोन भोकांमध्यें जेमतेम अर्ध्या मिलिमीटराहून किंचित् अधिक पत्रा उरतो. तो छिणीनें तोडला कीं मधली चकती गळून पडते. मग कानस. तबकडी वारंवार लावून पाहत कानस चालवावी, कारण जास्त घासलेला पत्रा परत मिळत नाहीं. पत्रा नेहमीं लाकडावर ठेवून पक्का आवळावा. ड्रिलखालीं हातानें धरलेला पत्रा अडकला तर गरकन फिरतो आणि बोटें कापतो; हें मी शाळेंत मुलांना कठोरपणें सांगत असें व येथेंहि सांगतों.

आतां माझी पहिली फजिती. माझा एक जुना विद्यार्थी कोल्हापुरांत उद्यमनगरांत पत्र्याचें काम करतो. त्याच्याकडे मीं माझा पत्रा मोठ्या ऐटींत नेला. ४० अधिक ७० अधिक १२, मिळून १२२ मिलिमीटर लांबीचा तुकडा, रेघा कांटेकोर. त्यानें रेघांकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें, आणि आदरापोटीं कांहीं बोलला नाहीं. व्हाइसमध्यें लोखंडी कोनाच्या दोन तुकड्यांत पत्रा धरून त्यानें लाकडी हातोडीनें दोन्ही दुमडी काढून दिल्या. पुठ्ठ्यावरून कापलेल्या गालपट्ट्या लावून पाहिल्या, तों तीन मिलिमीटरांची फट! मग तो हंसत म्हणाला, “सर, पत्रा वहीच्या कागदासारखा वाकत नाही. वळणावर तो थोडा वाढतोय.”

त्याचें म्हणणें खरें आहे, आणि त्याचें कारणहि भूमितींतच आहे. पत्र्याची दुमड म्हणजे टोंकदार कोन नव्हे. तो एक लहानसा कंस असतो. कंसाच्या बाहेरील बाजूस धातु ताणला जातो, आंतील बाजूस दबतो, आणि मध्याच्या थोडें आंत एक थर असा असतो कीं ज्याची लांबी बदलत नाहीं. पत्र्याची खरी लांबी या थराच्या कंसावर मोजावयाची. आपण मोजतों बाहेरच्या कोनाच्या टोंकापर्यंत, आणि तो मार्ग कंसापेक्षां लांब पडतो. १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा तेवढ्याच आंतल्या त्रिज्येनें काटकोनांत वांकविला, तर हा फरक सुमारें २ मिलिमीटर होतो. आमची वरची दुमड ६० अंशांचीच असल्यामुळें तेथें सुमारें एक. दोन आणि एक तीन. तेवढे सपाट तुकड्यांतून आधींच कमी करावयास हवे होते. हिशेब करावयाचा कंटाळा असेल त्यानें त्याच पत्र्याची एक पट्टी मोजून घ्यावी, दुमडावी, पुन्हां मोजावी. फरक आपोआप हातीं येतो. माझ्या विद्यार्थ्याला या हिशेबांतील एकहि सूत्र येत नाहीं, आणि त्याची एकहि पेटी फटीची नसते.

दुमडीविषयीं आणखी दोन गोष्टी त्याच्याकडूनच शिकलों. लाटलेल्या पत्र्याला लाकडासारखी रवाळीची दिशा असते. दुमडीची रेघ तिला आडवी घ्यावी, नाहींतर बाहेरच्या अंगास बारीक भेगा पडतात. आणि पत्रा हात सोडतांच थोडा माघारी फिरतो, म्हणून हव्या त्या कोनाच्या दोनतीन अंश पुढेंच न्यावा.

एवढें समजूनहि मीं दुसरी चूक केली. गालपट्ट्या बसत नाहींत, तर नसोत, असें म्हणून त्यांच्यावांचूनच ती बैठक गाडींत कसली. एंजिन संथ सुरू होतांच दोन्ही कांटे तापकऱ्यासारखे थरथरूं लागले. दाब वीस आहे कीं तीस, कांहीं कळेना. चार सिलिंडरांचें एंजिन मिनिटास ९०० फेऱ्यांनीं फिरत असलें तर सेकंदास तीस धक्के देतें, आणि एका कडेनें टांगलेला पत्रा अशा तालावर आनंदानें डोलतो. मला वाटलें, जाड पत्रा घ्यावा. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो हें खरें. परंतु वजनहि दुप्पट होतें आणि दुमडणें कठीण जातें. कड दुमडून किंवा बाजू बांधून तोच पत्रा कितीतरी अधिक ताठ होतो. वहीचा कागद एका टोंकानें धरला तर लोंबतो, मधोमध घडी घातली तर उभा राहतो, हें आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. गालपट्ट्या शोभेच्या नव्हत्या. दुसरी बैठक नीट हिशेब करून केली, गालपट्ट्या चार चार रिव्हेटांनीं बसविल्या, आणि कांटे स्थिर झाले.

कडांकडे मात्र मीं स्वतः दोन संध्याकाळ दिल्या. ही वस्तु गुडघ्यासमोर असते. गाडी एकाएकीं थांबली, तर बसणाराचा पाय कोठें जाईल याचा विचार करूनच प्रत्येक कड कानशीनें मोडली, कोंपरे गोल केले आणि शेवटीं डोळे मिटून सगळीकडून बोट फिरविलें. जेथें बोट अडखळलें तेथें पुन्हां कानस. नव्या गाड्यांतून तर हवेच्या उशा फळीच्या आंत व इतरत्र दडविलेल्या असतात. त्यांच्या झांकणावर किंवा त्यांच्या वाटेंत धातूचा असा तुकडा कदापि लावूं नये, उशी फुटतांच तोच गोळ्यासारखा अंगावर यावयाचा. समोरच्या कांचेतून दिसणारा रस्ताहि तबकड्यांनीं अडतां कामा नये.

रंग बिनचकाकीचा काळा दिला, खालीं लाल प्रायमरचा हात. चकचकीत पत्रा दुकानांत सुंदर दिसतो, आणि रात्रीं कांचेत त्याचें प्रतिबिंब पडून रस्त्याच्या मधोमध एक भूत उभें करतो. एका स्क्रूखालचा रंग मात्र खरवडून ठेवावा, म्हणजे तबकडीच्या आंतील दिव्याला परतीचा मार्ग गाडीच्या अंगांतून मिळतो. दिव्याच्या तारेला फ्यूज हवा, आणि तारेला हात लावण्यापूर्वीं बॅटरीचें टोंक सोडावें.

तेलाच्या नळीविषयीं दोन शब्द अधिक बोलणें भाग आहे, कारण तिच्यांतून दाबाखालचें कढत तेल पायांपर्यंत येतें. पत्र्याच्या भिंतींतून ती जेथें आंत येते, तेथें रबरी कडें बसवावें. नाहींतर पत्र्याची धार महिन्या दोन महिन्यांत तिला कापील. एंजिन रबरावर बसलेलें असतें व सारखें हलतें. गाडीचें अंग त्याप्रमाणें हलत नाहीं. ही ओढाताण सोसावी म्हणून एंजिनाच्या बाजूस नळीला दोन सैल वेटोळीं द्यावींत. बैठकींत तबकड्या मागून यू आकाराच्या पट्टीनें व नटांनीं आवळल्या जातात. ते नट बोटांनींच आवळावेत, पकडीनें आवळले तर तबकडीचें अंग दबतें.

शेवटची एक युक्ति शर्यतीच्या गाड्यांतून घेतली. नट घट्ट करण्यापूर्वीं प्रत्येक तबकडी तिच्या भोंकांत अशी फिरविली कीं, गाडी निरोगी धांवत असतां दोन्ही कांटे सरळ वर, घड्याळांतील बाराच्या जागीं असावेत. अंक तिरपे दिसतात. पाहुणे विचारतात कीं मास्तरांनीं तबकड्या वांकड्या कां बसविल्या. हांकणाराला अंक वाचावेच लागत नाहींत. दोन उभ्या रेघा दिसल्या कीं पुरे.

गेल्या मे महिन्यांत आम्ही पुन्हां रत्नागिरीहून आंबा घाट चढलों. तेंच ऊन, त्याच पेट्या. सहाव्या कीं सातव्या वळणावर पाण्याचा कांटा उजवीकडे झुकला आणि थोड्याच वेळांत तेलाचा कांटा डावीकडे कलूं लागला. चाळिसाचे तीस झाले होते. तांबडा दिवा शांत होता. मी कांहीं बोललों नाहीं. पुतण्यानें पुढची सावली पाहून गाडी कडेला घेतली, एंजिनाचें झांकण उघडून ठेवलें, आणि एका पेटींतून चार आंबे काढले. अर्ध्या तासानें गाडी सुरू केली, तेव्हां दोन्ही कांटे बाराच्या जागीं उभे होते.